टेलला पाणी पोचलं का?

"गावात सरकारी दवाखाना आहे. इमारत नवी, पाटी नवी, परवाच रंगही दिला. तरी सुनेच्या पोटात कळा यायला लागल्या की आम्हाला जीप करून नगर का गाठावं लागतं?"

हा प्रश्न एसटीत, पारावर, ग्रामसभेत, कुठंही ऐकायला मिळतो. उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं डॉक्टर राहत नाही, कोणी म्हणतं औषधं नसतात, कोणी म्हणतं सरकारी काम असंच. यातलं काही खरंही असेल. पण यावरून एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. नेमकं कुठं आणि किती, हे काही कळत नाही. अंगात कणकण आहे हे आईला हात लावून समजतं, पण ताप किती हे बघायला थर्मामीटर लागतो. एखाद्या गावाच्या, जिल्ह्याच्या किंवा अख्ख्या देशाच्या प्राथमिक आरोग्य व्यवस्थेला असा थर्मामीटर लावता येतो का? येतो. तो कसा लावायचा, ते या प्रकरणात पाहू. उदाहरणाला जिल्हा घेऊ अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर.

1. धरण भरलं म्हणजे रान भिजलं असं नाही

नगर जिल्ह्यातल्या माणसाला क्षमता म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. भंडारदरा 11 टीएमसीचं आणि मुळा 26 टीएमसीचं, हे आकडे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. ऑगस्टमध्ये धरण किती टक्के भरलं याची चौकशी जावयाच्या चौकशीच्या आधी होते.

पण कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, ज्याचं रान आहे त्याला या टक्केवारीचं फारसं कौतुक नसतं. आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला किती दिवस मिळणार, वरच्या अंगाला डोंगळे टाकून किती पाणी उपसलं जाणार, याची त्याला काळजी. धरण आणि त्याचं रान यांच्यामध्ये मैलोगणती कालवा असतो, गळती असते, पाळीवरून होणारी भांडणं असतात. निळवंडे धरणाचं उदाहरण ताजंच आहे. धरणात पाणी साठायला लागलं, तरी कालव्यांच्या वाटेकडे लाभक्षेत्र वर्षानुवर्षं डोळे लावून बसलं होतं. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते ऑक्टोबर 2023 मध्ये. मधल्या काळात साठा होता, पण वाट नव्हती.

आरोग्य व्यवस्थेतही हे तीन टप्पे वेगळे ओळखायला हवेत. इमारत, डॉक्टर, नर्स, औषधं आणि पैसा हा झाला साठा. तो साठा वेळेवर, योग्य माणसापर्यंत नेणं हे झालं वहन. आणि त्यामुळं ताप उतरला, बाळ जगलं, बाळंतीण सुखरूप राहिली, हे झालं भिजलेलं रान. क्षमता म्हणजे साठा आणि वहन दोन्ही मिळून. आपली सरकारी पत्रकं बहुतेक वेळा साठा मोजून थांबतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

2. कागदावरचं माप

तरी साठा मोजावा लागतोच, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करू.

'प्राथमिक' म्हणजे हलक्या दर्जाची सेवा, असा एक गैरसमज आहे. प्राथमिक म्हणजे पहिली भेट. घराच्या सर्वांत जवळची, रोजची, बहुतेक दुखणी जिथल्या तिथं मिटवणारी आणि न मिटणारी वेळेत पुढं पाठवणारी सेवा. आपल्याकडं तिची उतरंड अशी: गावात साधारण हजार लोकांमागे एक आशा. त्यावर उपकेंद्र, म्हणजे आरोग्यसेविकेची, आपल्या 'सिस्टर'ची जागा. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं डॉक्टर. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय.

राष्ट्रीय निकष असा की सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000 आणि 20,000. आता एक सोपं गणित करू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे 45 लाख 43 हजार. त्यातले खेड्यांत राहणारे सुमारे 36 लाख. याला 30,000 ने भागलं की 120 केंद्रं, 5,000 ने भागलं की 720 उपकेंद्रं. सगळा जिल्हा सपाट आहे असं धरून आलेली ही किमान गरज.

पण जिल्हा सपाट नाही. अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे, पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या वाड्या आहेत. 60,000 लोक सपाटीवर राहत असतील तर 2 केंद्रं आणि 12 उपकेंद्रं पुरतात. तेवढेच लोक डोंगरात असतील तर 3 केंद्रं आणि 20 उपकेंद्रं लागतात. माणसं तेवढीच, पण वाट वेगळी.

आता अंतराचं गणित. क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे 17,000 चौरस किलोमीटर. 120 केंद्रांत तो सारखा वाटला तर एका केंद्राच्या वाट्याला सुमारे 142 चौरस किलोमीटर येतात. केंद्र बरोबर मध्यभागी आहे आणि त्याचा इलाखा गोल आहे असं मानलं, तर कडेच्या माणसाला पावणेसात किलोमीटर चालावं लागेल. तेही कावळ्यासारखं सरळ उडत गेलं तर. रस्ता ओढ्याला वळसा घालतो, घाट चढतो, आणि एसटी दिवसातून दोनदाच येते. एवढ्या साध्या भागाकारातून एक गोष्ट हाती लागली: निकष पुरा झाला तरी सेवा जवळ आली असं म्हणता येत नाही.

3. पाच दारं

1978 साली तानाहाशी नावाच्या अभ्यासकानं जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. सेवा लोकांपर्यंत पोचली का हे बघण्यासाठी त्यानं पायऱ्या सांगितल्या. त्याच आपण आपल्या भाषेत पाच दारं म्हणून मांडू. समजा, वाडीवरच्या एका आजींना रक्तदाबाचा त्रास आहे.

पहिलं दार: सेवा आहे का? केंद्रात गोळ्या आहेत, तपासायला माणूस आहे. हे दार उघडं.

दुसरं दार: तिथं पोचता येतं का? आजींचा गुडघा धरतो, आणि मुलगा रोजंदारीवर. त्यांच्यासाठी दार अर्धंच उघडं.

तिसरं दार: सेवा रुचते का? मागच्या खेपेला कोणीतरी चारचौघांत खेकसलं असेल, तर आजी पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवणार नाहीत. हे दार कुठल्याही पत्रकात दिसत नाही, पण बरीच माणसं इथूनच परत फिरतात.

चौथं दार: प्रत्यक्ष भेट झाली का? आजी गेल्या, तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या.

पाचवं दार: गुण आला का? रक्तदाबाची गोळी आठ दिवस घेऊन सोडायची नसते. पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या, किंवा बरं वाटतंय म्हणून आजींनीच सोडल्या, तर चार दारं ओलांडूनही हाती काही लागलं नाही.

डॉक्टरांमध्ये रक्तदाबाबद्दल एक जुना ठोकताळा आहे, अर्ध्याचा नियम. रक्तदाब असलेल्या 100 जणांपैकी निम्म्यांनाच तो असल्याचं माहीत असतं, म्हणजे 50. त्यातले निम्मे उपचार घेतात, 25. त्यातल्या निम्म्यांचा दाब आटोक्यात येतो, 12 किंवा 13. प्रत्येक देशात आणि प्रत्येक काळात आकडे नेमके असेच येतील असं नाही, पण गळतीची जात कळायला हा ठोकताळा पुरतो. केंद्र सांगतं, आमच्याकडं गोळ्यांचा साठा पुरेसा आहे. ते खरंच बोलतं. पण 100 पैकी 87 जणांचं रान कोरडंच आहे.

पाच दारांचा उपयोग असा की गळती कुठं आहे ते कळतं, आणि दुरुस्तीही तिथंच करता येते. तिसऱ्या दारात माणसं परतत असतील तर नवी इमारत बांधून काय होणार? कालव्याला भोक पडलंय आणि आपण धरणाची उंची वाढवतोय.

4. नोंदवहीत किती नावं असायला हवीत?

आता उपकेंद्रात जाऊ. सिस्टरच्या टेबलावर गरोदर मातांची नोंदवही आहे. त्यात 25 नावं आहेत. हे चांगलं की वाईट? नुसत्या 25 वरून काहीच सांगता येत नाही. किती असायला हवी होती ते आधी काढावं लागतं.

उपकेंद्राची लोकसंख्या 5,000. जन्मदर हजारी 15 धरू. म्हणजे वर्षाला 75 जन्म. काही गर्भ टिकत नाहीत, काही बाळं मृत जन्मतात, म्हणून दहा टक्के वाढवायचे. झाल्या सुमारे 82 गरोदर माता. पण त्या सगळ्या एकाच दिवशी गरोदर नसतात. गरोदरपण नऊ महिन्यांचं, आणि पहिले दोन-तीन महिने बऱ्याचदा कोणाला कळत नाही, कळलं तरी सांगितलं जात नाही. म्हणून कामापुरता हिशोब असा की कुठल्याही दिवशी वर्षाच्या आकड्याच्या निम्मी नावं वहीत हवीत. म्हणजे 41. वहीत आहेत 25. मग 16 बाया कुठं गेल्या?

काही माहेरी गेल्या असतील, काही खासगी दवाखान्यात जात असतील. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या भागात दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न विचारला तर आशाताई वही न बघताच सांगेल: "कारखान्यावर गेल्यात." ऊसतोडीला. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, आणि पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत मुक्काम. चौथ्या महिन्यात निघालेली बाई परत येते ती कडेवर बाळ घेऊन. गावाच्या वहीत ती 'स्थलांतरित'. जिथं तोडणी चालू आहे तिथल्या वहीत ती नसतेच, कारण ती 'आपल्या हद्दीतली' नाही. दोन्ही केंद्रांची पत्रकं पूर्ण भरलेली, आणि बाई मात्र दोघांच्या मधल्या बांधावर.

याच जिल्ह्याच्या दक्षिणेतून माणसं ऊस तोडायला निघतात, आणि याच जिल्ह्याच्या उत्तरेत, प्रवरा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यात, कारखान्यांच्या फडांवर कोप्या पडतात. त्यामुळं जिल्ह्याची क्षमता मोजताना एक साधा प्रश्न पुरेसा बोलका ठरतो: कोपीतल्या बाईचं नाव आज कोणाच्या वहीत आहे?

5. पेटीतला थर्मामीटर

क्षमता जवळून बघायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या खोलीत जा. तिथं एक आडवी पेटी असते, आयएलआर, म्हणजे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर. घरातल्या फ्रीजसारखं तिचं दार पुढं उघडत नाही. झाकण ट्रंकेसारखं वर उघडतं. कारण थंड हवा जड असते. पुढचं दार उघडलं की ती पायाशी सांडते. झाकण वर असलं की रांजणातल्या पाण्यासारखी आतच राहते. पेटीच्या अस्तरात बर्फाचा थर धरलेला असतो, त्यामुळं वीज गेली तरी, झाकण उघडलं नाही तर, गारवा बराच वेळ टिकतो.

आतलं तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस हवं. 8 च्या वर गेलं तर लसी हळूहळू कमजोर होतात. शून्याखाली गेलं तर काही लसी गोठून बाद होतात. म्हणून पोलिओची लस तळाशी चालते, पण धनुर्वाताची वरच्या टोपलीत ठेवतात. तळाशी टेकली तर ती गोठण्याची भीती. लसीच्या कुपीवर एक छोटी खूण असते, वर्तुळात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपीला जास्त उष्णता लागलीय असं समजून ती टाकून द्यायची. अंगणवाडीतल्या सत्रापर्यंत बर्फाच्या पाकिटांबरोबर निघालेल्या कुपीला वाटेत किती उष्णता सोसावी लागली, ते ही खूण सांगते.

पेटीवर एक तक्ता टांगलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान बघून त्यात लिहायचं. बघणाऱ्यानं पेटीपेक्षा हा तक्ता निरखावा. महिनाभर, रविवारीसुद्धा, एकाच शाईत, एकाच हातानं '4, 4, 4' लिहिलेलं दिसलं तर समजावं की तक्ता एका बैठकीत भरलाय. एखाद्या दिवशी '9' दिसलं, आणि शेजारी वीज किती वाजता गेली, कोणाला फोन केला, लसी कुठं हलवल्या हे लिहिलेलं असलं, तर त्या केंद्रावर विश्वास ठेवावा. निर्दोष तक्त्यापेक्षा चूक पकडून सावरणारा तक्ता जास्त क्षमता दाखवतो. पेटी सरकारकडून येते. तक्ता खरा भरायची सवय कुठल्या खरेदीत मिळत नाही.

6. देशाचं प्रगतिपुस्तक

एका केंद्राचं झालं. अख्ख्या देशाचं माप कसं काढायचं? 2015 मध्ये जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून यासाठी एक उपक्रम काढला. त्यात देशाचं एक प्रगतिपुस्तकच तयार व्हायचं. विषय चार: पैसा, क्षमता, कामगिरी आणि समन्याय, म्हणजे गरीब आणि श्रीमंत दोघांना सारखं मिळतंय का.

यातला क्षमतेचा पेपर सर्वांत अवघड, कारण बाकीच्यांना आकडे मिळतात आणि क्षमता डोळ्यांनी जाऊन बघावी लागते. तिच्यात 33 बाबी तपासायचे आणि प्रत्येकीला 1 ते 4 अशी श्रेणी द्यायचे. बाबींचे गट तीन. कारभार: धोरण आहे का, आणि लोकांना त्यात काही म्हणता येतं का? साधनं: औषधं, इमारती, माणसं, माहिती, पैसा. आणि तिसरा गट वहनाचा: केंद्र आपल्या हद्दीतल्या लोकांना ओळखतं का, आजारी पडायच्या आधी त्यांच्या दारात जातं का, टीम म्हणून काम करतं का?

हा तिसरा गट वाचताना नगरच्या माणसाला ओळखीचं काहीतरी वाटलं पाहिजे. कारण त्याचा धडा याच जिल्ह्यात, जामखेडला, 1970 सालापासून गिरवला गेला होता.

7. जामखेडनं काय मोजलं

डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. ते आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरला शिकलं, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन आलं आणि 1970 मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढं लगेच 1972 चा दुष्काळ आला. लोकांना विचारलं तर ते दवाखाना मागत नव्हते. पाणी आणि अन्न मागत होते. प्रकल्पानं तिथूनच सुरुवात केली. लोकांच्या गरजेप्रमाणे सेवेला वळण देणं, ही पुढं प्रगतिपुस्तकातली एक बाब झाली.

सुरुवातीला त्यांनीही गावोगाव नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. परक्या तरुण मुलीला गावात एकटीनं राहणं अवघड, आणि गावाला तिचं सांगणं परकं. तिसरं दार बंद. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. बऱ्याच जणी अक्षरशत्रू होत्या, काही दलित समाजातल्या. त्या नियमानं जामखेडला येत, शिकत, आणि गावात जाऊन सांगत. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, जुलाबात बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, बाळाचं वजन कसं बघायचं. जोडीला शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली.

परिणाम कशावर मोजला? दवाखान्यात किती रुग्ण आले यावर नाही. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं दगावतात, म्हणजे बालमृत्यूदरावर. प्रकल्पाच्या नोंदीनुसार 1971 मध्ये तो 176 होता, म्हणजे दर सहा बाळांमागे जवळपास एक. 1976 मध्ये तो 52 वर आला, म्हणजे एकोणीस बाळांमागे एक. 1975 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जगभरातल्या मोजक्या प्रयोगांबरोबर जामखेडला जागा मिळाली. सप्टेंबर 1978 मध्ये अल्मा-आटा इथं 'सर्वांसाठी आरोग्य'चा जाहीरनामा झाला, तेव्हा अशा प्रयोगांचं बळ त्याच्या पाठीशी होतं. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 पासून देशभर उभी राहिलेली आशाताई ही जामखेडसारख्या प्रयोगांतल्या बायांचीच वारसदार.

8. कालच्याशी तुलना की शेजाऱ्याशी?

चोखंदळ वाचक इथं विचारील: 176 चे 52 झाले, पण सगळं श्रेय प्रकल्पाचंच कशावरून? त्या काळात रस्ते आले, दुष्काळ सरला, बाळं सगळीकडंच जास्त जगू लागली.

शंका रास्त आहे. पाऊस चांगला झाला आणि पीकही चांगलं आलं, तर नव्या खताचं श्रेय किती हे शेजारचं, खत न घातलेलं रान बघितल्याशिवाय ठरत नाही. जामखेडच्या बाबतीत अशी तुलना झाली. प्रकल्पाची गावं आणि आजूबाजूची प्रकल्पाबाहेरची गावं शेजारी शेजारी ठेवून केलेला अभ्यास 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. पहिला महिना ओलांडलेल्या बाळाला पाच वर्षांच्या आत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला. 176 वरून 52 इतका हा आकडा डोळ्यांत भरत नाही, पण जास्त भरवशाचा आहे. शिवाय त्यातून पुढच्या कामाचीही दिशा दिसते. पहिल्या महिन्यातले मृत्यू वेगळ्या कारणांनी होतात आणि ते रोखायला गावातल्या बाईच्या जोडीला चांगलं रुग्णालय आणि वेळेवर गाडी लागते. माप नेमकं असलं की कौतुकाबरोबर पुढचं कामही सांगतं.

9. आपलं माप आपणच

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. इमारत आहे तरी नगर का गाठावं लागतं? ग्रामसभेत 'दवाखाना नीट चालत नाही' म्हटलं की साहेब मान डोलावतात आणि विषय संपतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारून बघा.

आपल्या लोकसंख्येच्या हिशोबानं आज किती गरोदर मातांची नावं वहीत हवीत, आणि किती आहेत?

रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांपैकी गेल्या महिन्यात गोळ्या न्यायला किती जण परत आले?

मागच्या वेळी अडलेली बाळंतीण पुढं पाठवली, तेव्हा गाडी बोलावल्यापासून दारात यायला किती वेळ लागला?

ऊसतोडीला गेलेल्या आणि ऊसतोडीसाठी आलेल्या बायकांची यादी कोणाकडं आहे?

या चारही प्रश्नांची उत्तरं नेमकी येतात, आणि ती गावातल्या गावात मिळतात. पहिलं उत्तर काढायला सिस्टरची वही आणि शाळेतला भागाकार पुरतो. शेवटच्या उत्तरासाठी मात्र कोणालातरी उठून फडाकडं चालत जावं लागेल. मोजायला घेताना तिथूनच घ्यावं. पाटकरी पाण्याची पाळी टेलपासून सुरू करतो, ती याचसाठी. टेल भिजला असेल तर वरचा सगळा कालवा धड आहे हे वेगळं तपासावं लागत नाही.